मानाचा नारळ आणि आठ पॅडांचा ढोल

आमच्या गावात शिमग्याला देवीच्या पालखीपुढे जो ढोल वाजवतो, त्याला मानाचा पहिला नारळ मिळतो. नारळ साधाच असतो. बहुतेक वेळा म्हसळ्याच्या बाजारातून आणलेला, आणि आतून नासकाही असू शकतो. पण त्या नारळापायी सख्खे भाऊ एका विहिरीवर वेगवेगळ्या वेळी पाणी भरताना मी पाहिले आहेत. नियम एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही पाठ: जिथला हात, तिथे नारळ. ढोलावर ज्या घरचा हात पडेल, त्या घरी नारळ जायचा. आजोबांच्या काळापासून हा हात आमच्या थोरल्या घरचा होता, आणि ही गोष्ट सुरू होते तेव्हा तो माझ्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा होता.

दादा ढोल छान वाजवतो, असं म्हणायची गावात पद्धत आहे. खरं सांगायचं तर तो मोठ्याने वाजवतो. ठेका धरतो तो बैलगाडीच्या चालीवर, आणि पाचव्या घरापर्यंत शेवटची एसटी चुकणाऱ्या माणसाच्या चालीवर येतो. पालखी नाचवणारे धापा टाकायला लागतात. म्हातारी माणसं त्यालाच देवीचा संचार समजून हात जोडतात, त्यामुळे दादाला आजवर कोणी काही बोललेलं नाही.

त्या वर्षी पौषात दादा दिघीच्या धक्क्यावर पडला. आगरदांड्याची बोट यायला वेळ होता, आणि आदल्या दिवशी त्याच पायरीवर एक सरकारी साहेब कसा घसरला, हे दादा चार जणांना करून दाखवत होता. त्याने ते फारच हुबेहूब केलं. उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी पट्टा बांधला, हात वर उचलायचा नाही म्हणून सांगितलं आणि वर्षभर ढोलाचं नाव काढायचं नाही अशी ताकीद दिली. दादाने हात वर उचलला नाही. ढोलाचं नाव मात्र तो सकाळी दात घासण्याआधीपासून काढत असे.

खांद्यापेक्षा त्याला नारळ जास्त दुखत होता. एकदा हात दुसऱ्या घरचा पडला की नारळ तिकडे जातो, आणि गेलेला नारळ परत आल्याचं गावात कोणाला आठवत नाही. घरातलं दुसरं कोणी वाजवेल म्हणावं, तर मुलं पुण्याला, आणि दादाने आयुष्यात कोणाला ढोल शिकवला नव्हता. शिकवलं असतं तर आपल्याहून बरं कोणी वाजवलं असतं, ही भीती त्याला असावी. ती अगदीच अनाठायी नव्हती.

ही बातमी मुंबईला पोचली. आमची निम्म्याहून जास्त माणसं मुंबईत नोकरीला आहेत. त्यांचं मंडळ आहे आणि मंडळाला अध्यक्ष आहेत. त्यांना सगळे अध्यक्षच म्हणतात. घरात त्यांची बायकोही म्हणते असं सांगतात, पण ती ऐकीव माहिती असल्यामुळे पुराव्यात धरता येणार नाही. अध्यक्ष माणूस वाईट नाही. गावासाठी त्यांनी पुष्कळ केलं आहे, आणि जे केलं त्यावर स्वतःचं नाव घातलं आहे. स्मशानातल्या बाकावरही ते आहे, त्यामुळे तिथे बसायला माणसं कचरतात. दादाचा खांदा गेल्याचं कळताच त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि गावाला एक ऑक्टोपॅड भेट दिला.

ऑक्टोपॅड म्हणजे ऑर्केस्ट्रात आणि हळदीच्या बेंजो पार्टीत असतो तोच. मोठ्या पाटासारखं काळं यंत्र, त्यावर रबराचे आठ चौकोन. काठीने कुठल्याही चौकोनावर मारलं की आतून आवाज येतो, आणि कुठल्या चौकोनातून कुठला आवाज यायचा ते आपण ठरवायचं. अध्यक्षांनी दादरला क्लास लावून ते वाजवायला शिकूनही घेतलं होतं. यंदा पालखीपुढे मी स्वतः सेवा देणार, असं त्यांनी कळवलं. सेवेमागून नारळ येतो हे त्यांनी कळवलं नाही, पण दादाला ते कळवायची गरजच नव्हती.

माघात देवळापुढे यंत्राचं लोकार्पण झालं. मी बरीच वर्षं अलिबागच्या कोर्टात भाषांतरकार होतो, म्हणून इंग्रजी माहितीपुस्तक माझ्या हाती देण्यात आलं. त्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या यंत्रावर फुलदाणी किंवा पाण्याचं भांडं ठेवू नये. मी ते वाचेपर्यंत यंत्राला हळदकुंकू वाहून झालं होतं, झेंडूचा हार घालून झाला होता आणि त्यावर पाण्याने भरलेला कलश ठेवून झाला होता. अध्यक्षांनी वाकून नमस्कार केला. मग त्यांचं भाषण सुरू झालं, ते परंपरेपासून उपग्रहापर्यंत गेलं आणि परत येण्याची चिन्हं दिसेनात. मी यंत्रावरचे पाण्याचे थेंब रुमालाने टिपत होतो. माझा हात सहाव्या चौकोनावर पडला, आणि कर्ण्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला. हजार माणसांचा, कुठल्या तरी परदेशातल्या मोठ्या सभागृहातला. देवळापुढे आम्ही चाळीसएक जण होतो. अध्यक्ष थांबले, चारी दिशांना हात जोडले, आणि पुन्हा परंपरेपासून सुरुवात केली.

कोरडी खोली आणि इन्व्हर्टर या दोन गोष्टी माझ्याच घरी असल्यामुळे शिमग्यापर्यंत यंत्र माझ्याकडे राहिलं. निवृत्त माणसाच्या घरी असं काही ठेवू नये. पहिल्या दिवशी मी एक बटण दाबलं आणि यंत्र आपणहून वाजायला लागलं. ढोलक, झांजा, तुतारीसारखं काहीतरी, सगळं एकदम. नमुना म्हणून कारखान्यानेच आत भरून ठेवलेलं ते वादन होतं. तेवढ्यात शेजारची चार माणसं अंगणात आली आणि माझ्या हातातल्या काठ्या पाहून थक्क झाली. बंद कसं करायचं ते मला सापडेना. म्हणून वादन संपेपर्यंत मी काठ्या हलवत राहिलो. अजूनही बाजारात एखादा माणूस मला विचारतो की आता पूर्वीसारखं वाजवत नाही का.

पुढचे काही दिवस मी आतले आवाज शोधत बसलो. शेकड्यांनी होते. तबला, पखवाज, संबळ वगैरे सभ्य मंडळी होतीच, पण त्यांच्यापुढे गेलं की माणसाने आवाज साठवताना काय विचार केला असेल असा प्रश्न पडे. फुटलेली काच. घोड्याचं खिंकाळणं. करकचून लागलेला ब्रेक. पिस्तूल, तीन जातींचं. कुत्र्याचं भुंकणं, एकाच जातीचं. बाईचं हसणं, जे ऐकून माझी पत्नी कोण आलंय म्हणून आतून बाहेर आली आणि कोणी नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही. एका आवाजाचं नाव मी ‘अवकाशातील दार’ असं भाषांतरित केलं. ते दार उघडत होतं की लागत होतं, हे शेवटपर्यंत समजलं नाही.

उपयोगही निघत गेले. आमच्या वाडीत माकडांचा फार त्रास. मी पिस्तूल लावलं. पहिल्या दिवशी माकडं पळाली, दुसऱ्या दिवशी कुंपणापर्यंत गेली, तिसऱ्या दिवशी गडग्याच्या दगडांवर ओळीने बसून पुढचा आवाज कुठला येतो याची वाट पाहू लागली. घोड्याला त्यांनी विशेष पसंती दिली. शाळेच्या बाईंनी घंटेसाठी यंत्र मागून पाहिलं. एका शेजाऱ्याने कुत्र्याचा आवाज रात्रीपुरता उसना मागितला, कारण त्याचा खरा कुत्रा भुंकत नसे. घरात सहावा चौकोन फार कामाला आला. मी जेवताना काही विचार मांडू लागलो की पत्नी उठून टाळ्या वाजवी आणि ताट उचलून नेई.

दादा रोज येऊन ओटीवर बसे, पण यंत्राला हात लावत नसे. पट्ट्यात अडकवलेला उजवा हात आणि मांडीवर ठेवलेला डावा, असा तो साक्षीदारासारखा ऐकत राही. ढोल या नावाचे आवाज यंत्रात दोन होते. पहिला पंजाबातला, लग्नाच्या वरातीचा. दुसरा ऐकून कोणीतरी रिकामं पिंप जिन्यावरून सोडलंय असं वाटे. अध्यक्ष पहिला वाजवणार होते. दादाला ते ऐकून बरं वाटलं. “ह्या आवाजाला देवी उठायची न्हाय,” तो म्हणाला. “कूस बदलंल फार तर.”

वहिनी, म्हणजे दादाची बायको, एकदा ताक घेऊन आली होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “भावजी, यात गप बसल्याचा आवाज हाय का?” मी आवाज लहानमोठा करायची चकती तिला दाखवली. तिने ती फिरवून पाहिली, मग दादाकडे पाहिलं आणि पदराने ताकाचं भांडं झाकून निघून गेली.

पुस्तकाच्या शेवटाकडे मला एक प्रकरण सापडलं. माईक जोडला तर जगातला कुठलाही आवाज या यंत्रात साठवून चौकोनावर ठेवता येतो, असं त्यात होतं. मी ते दादाला वाचून दाखवलं आणि जी गोष्ट वकिलांना शोभते ती बोलून बसलो. म्हटलं, तुझाच ढोल यात भरला, तर वाजवणारा कोणी का असेना, आवाज आपल्या घरचा. मग हात कोणाचा म्हणायचा, यावर निदान वाद तरी घालता येईल. दादाच्या तोंडावर पौषानंतर पहिल्यांदा तजेला आला. वाद घालता येणं हे त्याच्या दृष्टीने अर्धा नारळ मिळाल्यासारखं होतं.

देवळातला माईक आणून आम्ही दादाच्या पडवीत बसलो. ढोल खुंटीवरून काढला. एका बाजूला काठी मारायची, दुसऱ्या बाजूला हाताची थाप, एवढे दोनच आवाज हवे होते. दादाचा उजवा हात पट्ट्यात. डाव्याने मारून पाहिलं तर कोणी झोपेत कूस बदलल्यासारखा आवाज आला. मग मी मारलं. सरकारी कचेरीचं दार वाजवतात तसं ते वाजलं, म्हणजे आत कोणी नसणार याची खात्री असल्यासारखं. दादा मला सूचना देत होता. मी त्या पाळत होतो. प्रत्येक सूचनेनंतर आवाज जास्त वाईट येत होता.

वहिनी आतून ओले हात पुसत आली. “सरका,” म्हणाली, “मला भात लावायचाय.” तिने ढोल मांडीशी ओढला, एका बाजूला काठी मारली, दुसऱ्या बाजूला थाप. पडवीतली मांजर उठून गेली. तोच आवाज होता, पालखी दारात आल्यावर छातीत येतो तो. खारं वारं सुटलं की ढोलाचं कातडं सैल पडतं, म्हणून तो चुलीजवळ शेकवायचा आणि शेकला की नाही ते एक थाप मारून बघायचं, हे काम लग्न होऊन आल्यापासून वहिनीकडे होतं. ठेका तिला येत नव्हता. एक थाप येत होती. यंत्राला एकच लागत होती.

तिच्याकडून आम्ही पाचसहा वेळा मारून घेतलं. दादाने पुन्हा सूचना सुरू केल्या, आणि त्यातल्या त्यात बरे दोन आवाज निवडून मी पहिल्या दोन चौकोनांवर ठेवले. घरी आवाज कमी ठेवून ऐकलं. छान वाटले. अध्यक्ष शिमग्याच्या आठवडाभर आधी आले तेव्हा त्यांनीही ऐकले आणि डोळे मिटून म्हणाले, हा आपल्या मातीचा हुंकार आहे. पंजाब तिथेच संपला. आवाज दादाच्या ढोलाचा आहे एवढंच मी त्यांना सांगितलं. कोणी मारला हे त्यांनी विचारलं नाही, आणि साक्षीदाराने विचारल्याखेरीज बोलू नये हे मी नोकरीत शिकलो आहे.

होळीच्या संध्याकाळी अख्खा गाव सहाणेवर जमला. सहाण म्हणजे पालखी बसते तो देवळापुढचा कट्टा. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. हे आमच्या गावातले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ. देवीशी गावाच्या वतीने बोलायचं काम त्यांचं. ते एकेक मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून “व्हय म्हाराजा” म्हणायचं. देवीला म्हाराजा का म्हणतात हे विचारायचं नसतं. पण एक गोष्ट सगळे मानतात: सहाणेवर एकदा व्हय म्हटलं की ते फिरवता येत नाही. अध्यक्षांना हा आवाज मंडळाच्या वार्षिक सभेत सुरुवातीला वाजवायचा होता. त्यांच्या सांगण्यावरून मी माईक धरला, आणि गावाचं ते “व्हय म्हाराजा” आठव्या चौकोनावर ठेवलं. अध्यक्ष माईकला खेटूनच उभे होते.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली तेव्हा यंत्र पाण्याची पिंपं वाहायच्या हातगाडीवर बसवलं. खाली माझा इन्व्हर्टर, पुढे दोन मोठे कर्णे, मागे अध्यक्ष, पांढऱ्या सदऱ्यात. अध्यक्ष सावकाश, नेमका आणि ओठांत आकडे मोजत ठेका धरत होते. पहिली थाप पडली आणि सगळ्या माना कर्ण्यांकडे वळल्या. आवाज खरंच ढोलाचा होता. फक्त घरी कमी आवाजात जे ऐकू आलं नव्हतं, ते कर्ण्यातून सगळ्या वाडीला ऐकू येत होतं. प्रत्येक थापेमागे काचेच्या बांगड्या वाजत होत्या.

धूम, किणकिण. धूम, किणकिण.

हे एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या चौकोनावरच्या आवाजाच्या शेपटीला आणखी एक गोष्ट चिकटली होती. ठेका चालू असेपर्यंत ती पुढच्या थापेखाली दबून जाई. अध्यक्ष वळणावर किंवा कोणाच्या अंगणात थांबले की मागून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा, दादाचा आवाज येई: “हळू.”

पहिल्यांदा पालखीवाल्यांनी दचकून मागे पाहिलं. दादा तर पुढे चालत होता, तोंड मिटून. दुसऱ्या अंगणात पुन्हा: “हळू.” इतकी वर्षं ज्याच्या ढोलामागे त्यांची दमछाक झाली होती, तोच माणूस आता कर्ण्यातून त्यांना हळू म्हणत होता. ते खरोखर हळू चालायला लागले. त्या वर्षी पालखी कधी नव्हे ती अशी डौलात नाचली की बायका दारात उभ्या राहून बघत राहिल्या. दादाने मला गाठून दात खात विचारलं, ते तेवढं कापता येत नाही का. मी म्हटलं, पुस्तक घरी राहिलं.

उन्हं कलली तेव्हा पालखी सहाणेवर आली. गावकरांनी मानाचा नारळ हातात घेतला आणि विचारलं, हात कुणाचा म्हणायचा. अध्यक्ष घाम पुसत पुढे आले. दादाही पुढे आला. बराच वेळ दोघे एकमेकांशी न बोलता गावकरांशी बोलत होते. अध्यक्षांचं म्हणणं असं की यंत्र त्यांचं, काठ्या त्यांच्या हातात, घाम त्यांना आलेला. दादाचं म्हणणं, ढोल त्याच्या घरचा, आणि ढोलाशिवाय ते यंत्र म्हणजे पाट. शेवटी अध्यक्ष चिडून म्हणाले की साठवलेल्या आवाजाला काही कोणी हात म्हणत नाही.

“मग त्या यंत्राच्या पाया कशाला पडला व्हता?” दादा म्हणाला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी बोललं, “बांगड्या कुनाच्या वाजत व्हत्या त्ये आधी सांगा की.”

हशा पिकला. मग तो ओसरला, आणि सगळे वहिनीकडे बघायला लागले. वहिनी देवळाच्या पायरीवर बसून कोणाच्या तरी नातीची वेणी घालत होती. तिने मान वर केली नाही. तो आवाज ओळखायला कोणाला तिचं तोंड बघायची गरज नव्हती. दर शिमग्याआधी ती ढोल शेकते तेव्हा ती एक थाप सगळ्या आळीला ऐकू जाते.

गावकर माझ्याकडे वळले. “तू कोर्टात व्हतास. कोर्टात काय सांगतील?”

“तारीख देतील,” मी म्हटलं.

गावकरांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवली नव्हती. ते देवीकडे वळले. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि नेहमीच्या सुरात गाऱ्हाणं घातलं. “बाय माझे आई, जिथला हात तिथं नारळ ही तुझी रीत. आज ज्या हाताची थाप गावानं ऐकली, त्या हाताला ह्यो नारळ द्यावा, असं तुझ्या लेकरांचं म्हननं हाय.”

आणि ते थांबले. आता गावाने व्हय म्हणायचं होतं.

कोणी बोलेना. निम्म्या गावाने अध्यक्षांच्या कानावर पोराच्या नोकरीची गोष्ट घातलेली होती. उरलेल्या निम्म्याला दादाच्या शेजारी राहायचं होतं. आणि बाईला मानाचा नारळ ही गोष्ट चुकीची आहे असं कोणी म्हणत नव्हतं, पण बरोबर आहे असं पहिल्यांदा कोणी म्हणायचं, हाही प्रश्न होताच. सगळे पायाखालच्या मातीत काही सांडलंय का ते पाहत होते. अध्यक्ष छाती काढून उभे होते, कारण गप्प बसलेला गाव आपल्या बाजूचा असतो हा त्यांचा सभांमधला अनुभव होता.

मी हातगाडीजवळ उभा होतो. दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तो यंत्राकडे बघत होता. नारळ त्याला मिळणार नव्हता हे त्याला एव्हाना कळलं होतं; अध्यक्षांच्या घरी गेलेला नारळ परत येणार नाही हेही कळलं होतं. त्याने पायरीवर बसलेल्या बायकोकडे एकदा पाहिलं. मग महिनाभर ज्या वस्तूला त्याने बोट लावलं नव्हतं, तिच्या आठव्या चौकोनावर त्याने डावा हात उचलून थाप मारली. जरुरीपेक्षा जोरातच मारली. सवय होती.

“व्हय म्हाराजा!”

दोन्ही कर्ण्यांतून अख्खा गाव बोलला. त्यात सगळ्यांचे आवाज होते, आदल्या दिवशीचे, मोकळ्या गळ्याचे. आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांत ठणठणीत, अध्यक्षांचा.

अध्यक्ष कर्ण्याकडे बघत राहिले. स्वतःचा आवाज माणसाला नाकारता येतो, पण सहाणेवर, देवीपुढे, सगळ्या गावादेखत नाकारणं अवघड. शिवाय तो आवाज चांगला आला होता. गावकरांनी डोळे उघडले आणि दादाकडे रोखून पाहिलं.

“बोट लागलं,” दादा म्हणाला.

“देवीनं लावलं आसंल,” गावकर म्हणाले, आणि विषय संपला.

अध्यक्षांना दाद दिली पाहिजे. त्यांनी सदरा सारखा केला, दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले की नेमकी हीच सूचना ते स्वतः मांडणार होते. मातृशक्तीचा हा सन्मान मंडळाच्या माध्यमातून व्हावा ही त्यांची जुनी इच्छा होती. ते माध्यमातून पुढे जाणार तेवढ्यात मी सहावा चौकोन वाजवला. परदेशातल्या हजार माणसांनी टाळ्या दिल्या. अध्यक्षांनी चारी दिशांना हात जोडले. या वेळी गावानेही टाळ्या वाजवल्या, खऱ्या, आणि त्या त्यांच्या ठेक्यासाठी होत्या असं मला वाटतं. ठेका त्यांनी नेटका धरला होता.

वहिनीने वेणीचं शेवटचं पेड घातलं, रिबिन बांधली आणि मग उठून आली. गावकरांनी नारळ तिच्या पदरात घातला. तिने तो कानाशी नेऊन हलवला, आत पाणी आहे की नाही ते पाहिलं, आणि मान डोलावली. आमच्या घरात मानाचा नारळ आल्यावर इतक्या वर्षांत ही तपासणी कोणी केली नव्हती.

दादा मानाचा नारळ देवघरावरच्या फळीवर ठेवायचा. तो तिथे वर्षभर सुकायचा, आणि आलेल्यागेलेल्याला खाली काढून दाखवला जायचा. वहिनीने दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोडला. मी यंत्राची वायर शोधायला त्यांच्याकडे गेलो होतो, म्हणून हे पाहिलं. दादा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता. मानाचा नारळ कोणी फोडत नाही, असं तो म्हणाला. वहिनी विळीवर बसून खोबरं खवत होती. तिने त्याला विचारलं, तो कुणाचा नारळ आहे. दादा बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला.

दुपारी तिने नारळीभात केला. मला जेवायला थांबवून घेतलं. दादाने एकदा भात घेतला, मग दुसऱ्यांदा घेतला. डाव्या हाताने खाणं त्याला अजून जमत नव्हतं, चमचा वाटीवर वाजत होता. तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना तो माझ्याकडे बघून म्हणाला की खांदा आता पुष्कळ बरा आहे, डॉक्टरांना काही कळत नाही, पुढच्या शिमग्याला ढोल तो स्वतःच वाजवणार.

वहिनीने त्याच्या वाटीत भात वाढला.

“वाजवा की,” ती म्हणाली. “पन हळू.”